बीएड-डीएलएडमधलं उद्योजकता शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अध्यापक महाविद्यालयांतले प्राध्यापक, प्राचार्य, आंतरवासितेच्या (प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाच्या) शाळांचे मुख्याध्यापक आणि छात्राध्यापक (बीएड-डीएलएड करणारे भावी शिक्षक) यांच्यासाठी आहे. आकडेमोड ५० छात्राध्यापकांची एक तुकडी धरून केली आहे. बाजारभाव उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचे भाव घालून गणित पुन्हा मांडावं.

उद्योजकता शिकवायची म्हणजे छात्राध्यापकांना दुकान काढायला लावायचं का?

नाही. दुकान काढायचं असेल तर त्यासाठी वेगळी प्रशिक्षणं आहेत आणि ती चांगली आहेत. शिक्षकाला लागतं ते एवढंच: आजूबाजूची गरज हेरता यावी, हाताशी असलेल्या साधनांत काहीतरी करून बघता यावं, त्याची किंमत काढता यावी, पैशाचा हिशेब ठेवता यावा आणि बेत फसला तर नेमका कुठे फसला ते मुलांना दाखवता यावं. युरोपीय संघाने २०१६ साली उद्योजकतेच्या १५ क्षमतांचा आराखडा केला. त्यात अनिश्चिततेत निर्णय घेणं, आर्थिक साक्षरता, इतरांबरोबर काम करणं, अनुभवातून शिकणं अशा गोष्टी आहेत. त्या आराखड्यानुसार तयार होणारं मूल्य पैशातच असलं पाहिजे असंही नाही, ते सामाजिक किंवा सांस्कृतिकही चालतं.

तरीही आमचं मत असं की प्रत्येक छात्राध्यापकाने निदान एकदा तरी खऱ्या पैशाला खरी वस्तू विकावी. वृक्षारोपणासारख्या सामाजिक उपक्रमाला कुणी नको म्हणत नाही. गिऱ्हाईक मात्र तोंडावर नको म्हणतं, आणि शिकणं तिथून सुरू होतं.

शाळेत हा विषयच नाही, मग बीएडला कशाला?

या नावाचा तास नसेल, पण काम आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी १० दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करायचं आहे. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात व्यवसाय शिक्षणाची तीन अंगं आहेत: सजीवांबरोबरचं काम, यंत्रं व साहित्य यांच्याबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. याशिवाय महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभव आहे, पोषण आहारासाठी परसबाग आहे, स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ (छोटी कामं करून पैसे मिळवण्याचा उपक्रम) आहे आणि बहुतेक प्राथमिक शाळांत डिसेंबर-जानेवारीत बाल आनंद मेळावा भरतो. हे सगळं शिक्षकच करतात, आणि कसं करायचं ते त्यांना बीएडला किंवा डीएलएडला कुणी शिकवलेलं नसतं.

आज जे चालतं त्यात नेमकं काय चुकतं?

तीन गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली, व्याख्यान. जिल्हा उद्योग केंद्राचे अधिकारी येतात, कर्जयोजना सांगतात, हार-नारळ होतो, उपस्थितीपट भरतो. माहिती बरोबरच असते, पण ती ज्याला धंदा सुरू करायचाय त्याच्यासाठी असते. उद्या सातवीच्या वर्गावर शिकवायला जाणाऱ्या छात्राध्यापिकेला त्यातून पाठ काढता येत नाही.

दुसरी, प्रश्नपत्रिका. ‘यशस्वी उद्योजकाचे गुण लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षं येतो आणि त्याचं उत्तर मार्गदर्शिकेत तयार असतं. धाडस, चिकाटी, दूरदृष्टी लिहिलं की पैकीच्या पैकी गुण. असं लिहिणाऱ्याला पाव किलो चिवड्याची किंमत काढायला सांगितली तर तो तेल, गॅस आणि पिशवी विसरतो. स्वतःची मेहनत तर कुणीच धरत नाही.

तिसरी, आनंद मेळावा. आई घरी भेळ करते, बाबा टेबल लावतात, मूल गल्ला सांभाळतं. संध्याकाळी ‘माझी ३४० रुपये कमाई झाली’ असं सांगतात, पण ती कमाई नसून गल्ला असतो. भेळेचं सामान आईच्या खर्चातून आलेलं असतं. विक्री आणि नफा यांत फरक असतो हे शिकवायची संधी दरवर्षी अशी वाया जाते, वर त्याचा फोटो शाळेच्या फलकावर लागतो.

हाताने काम करून शिकण्याचा प्रकार महाराष्ट्रात नवीन आहे का?

अजिबात नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची (हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेची) मांडणी झाली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाभोवती रचलेला अभ्यासक्रम तयार केला. रयत शिक्षण संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, आणि ‘कमवा व शिका’ ही तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या संस्थेची ओळखच. पाबळच्या विज्ञान आश्रमाने डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या काळापासून माध्यमिक शाळांत मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम नेला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चार अंगं आहेत. मुलं वस्तू बनवतात, गावाला सेवा देतात आणि त्याचा खर्चही काढतात.

वर्ध्याच्या योजनेवरचा जुना आक्षेप आजही ध्यानात ठेवावा. मुलांनी केलेल्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा म्हटलं की शाळेचा कारखाना होतो आणि शिकणं मागे पडतं. म्हणून खालच्या आराखड्यात नफ्याला एकही गुण नाही.

स्वतंत्र पेपर सुरू करावा का?

आमचा सल्ला: करू नये. २०१४ च्या एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) नियमांनंतर बीएड दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला ३६ तास हे गणित आधीच भरलेलं आहे. नवा पेपर आला की नवी मार्गदर्शिका येते आणि विषय पुन्हा पाठांतरात जातो. त्याऐवजी ३० तासांचं एक प्रात्यक्षिक करावं आणि ते असलेल्या जागी बसवावं. ‘स्वतःला समजून घेणे’ आणि कला-नाट्य यांसारखे क्षमतावर्धनाचे घटक, कार्यानुभव आणि आंतरवासिता या जागा त्याला पुरतात. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात वेळ जास्त आहे, तिथे दोन सत्रांत विभागता येईल.

३० तास कसे वापरायचे?

पहिले सहा तास बाजार पाहणीला. पाच-सहा जणांचा गट आठवडे बाजारात, एसटी स्टँडवर किंवा शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहतो आणि किमान १५ माणसांशी बोलतो. ‘तुम्ही हे घ्याल का?’ हा प्रश्न विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात हे कुठून घेतलंत, कितीला घेतलंत, त्यात काय आवडलं नाही?’ असं विचारावं.

चार तास किंमत काढायला आणि चार तास नमुना करायला. नमुना अगदी थोडा करावा, दहा नगांच्या वर नको. मग चार तासांची पहिली विक्री आणि दोन तासांचा हिशेब. त्यानंतरचे पाच तास दुसऱ्या फेरीचे, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचे तेच. पहिल्या फेरीत जे चुकलं त्यातली एकच गोष्ट बदलून पुन्हा विकायचं: किंमत, वजन, जागा किंवा वेळ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. उरलेल्या पाच तासांत हेच काम शाळेतल्या मुलांबरोबर कसं करायचं त्याचा पाठ तयार करून तो घ्यायचा.

वेळापत्रकात हे दर आठवड्याला अडीच तासांचे १२ आठवडे असं बसतं. सलग तीन दिवसांचं शिबिर करून उरकू नये, कारण दोन विक्रींच्या मध्ये विचार करायला वेळ लागतो.

कोणती वस्तू निवडावी?

निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. ५०० ते १००० रुपयांत सुरू होते का? दोन आठवड्यांत दोन फेऱ्या होतात का? आणि शाळेतली मुलं तिचा काही भाग सुरक्षितपणे स्वतः करू शकतात का?

कापडी पिशव्या, कागदी पाकिटं, मोड आलेली कडधान्यं, वह्यांना कव्हर घालून देणं, सायकलचं पंक्चर काढून देणं हे चालतं. सेवा निवडल्या तर कच्चा माल वाया जात नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्या महाविद्यालयाने निम्मे गट सेवेचे ठेवावेत. साबण, मेणबत्त्या आणि फटाके टाळावेत. साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, मेणबत्तीत वितळलेलं गरम मेण येतं, आणि फटाक्यांचं कारण सांगायला नकोच.

भाज्यांची रोपवाटिका छान असते, पण ती १२ आठवड्यांच्या प्रात्यक्षिकात बसत नाही. टोमॅटोचं रोप लावणीजोगं व्हायला २५ ते ३० दिवस, मिरचीचं ३५ ते ४० दिवस लागतात. ती १६ आठवड्यांच्या आंतरवासितेसाठी राखावी. टोमॅटोच्या दोन फेऱ्या तिथे आरामात होतात आणि शाळेच्या परसबागेलाही रोपं मिळतात.

खाण्याचा पदार्थ महाविद्यालयाच्या आवाराबाहेर नियमित विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसेल तर पदार्थ सोडून दुसरी वस्तू घ्यावी.

हिशेब नेमका कसा मांडायचा? एक उदाहरण द्या.

पाच जणांचा गट मोड आलेली मटकी विकतो असं धरू.

वेळेपासून सुरुवात करू, कारण बहुतेक गट इथेच फसतात. बाजार गुरुवारी सकाळी नऊला. मटकी ८ ते १० तास भिजवावी लागते, नंतर फडक्यात बांधून मोड यायला उन्हाळ्यात दहा-बारा तास पुरतात, थंडीत २४ तासही लागतात. म्हणजे बाजारापासून मागे मोजत यायचं. उन्हाळ्यात बुधवारी पहाटे भिजवलं तरी चालतं, डिसेंबरात मंगळवारी दुपारीच भिजवावं लागेल. पाणी नीट निथळलं नाही तर वास येतो आणि अख्खा माल जातो. फ्रीज नसेल तर माल त्याच दिवशी विकला गेला पाहिजे.

आता पैसे. ५ किलो मटकी, ११० रुपये किलोने ५५० रुपये. मोड आल्यावर वजन साधारण दुप्पट, म्हणजे १० किलो. २०० ग्रॅमची ५० पाकिटं. पाकिटं आणि लेबल दीड रुपयाप्रमाणे ७५ रुपये. रिक्षा जाऊन-येऊन ८० रुपये. एकूण खर्च ७०५ रुपये. विक्रीची किंमत २० रुपये. म्हणजे ३६ वं पाकीट विकलं की रोख खर्च भरून निघतो.

समजा ४२ पाकिटं गेली. गल्ला ८४० रुपये, खर्च वजा जाता १३५ रुपये उरले. गट खूश. आता वहीत पुढची ओळ लिहायची: निवडणं, भिजवणं, बांधणं, भरणं, विकणं मिळून प्रत्येकाचे चार तास, पाच जणांचे २० तास. १३५ भागिले २०, तासाला पावणेसात रुपये. सगळी ५० पाकिटं गेली असती तरी २९५ रुपये, म्हणजे तासाला पंधरालाही थोडे कमीच. तासाला ४० रुपये मेहनताना धरला तर ८०० रुपये वाढतात, एकूण खर्च १५०५ होतो आणि एका पाकिटाची किंमत ३० रुपये पडते. शेजारची भाजीवाली तर २० लाच देते!

तिला ते कसं परवडतं, हा प्रश्न वर्गात मुद्दाम लोंबकळत ठेवावा. उत्तर शोधायला गटाने तिच्याकडेच जावं. ती एका वेळी २५ किलो भिजवत असेल, तिची रिक्षा भाजीसाठी तशीही येते, निवडलेली मटकी ती घाऊक घेत असेल. पाच किलोला आणि पंचवीस किलोला लागणाऱ्या मेहनतीत पाचपट फरक नसतो. रिक्षाचे ८० रुपये पाकिटं वाढली तरी तेवढेच राहतात. स्थिर खर्च आणि बदलता खर्च या दोन कल्पना इथे फळ्यावर न लिहिता कळतात.

आणखी एक नेहमीची चूक. उरलेली आठ पाकिटं वसतिगृहात खाल्ली जातात आणि वहीत त्यांचा पत्ताच नसतो. ती ‘न विकलेला माल’ म्हणून लिहावी. मैत्रिणीला फुकट दिलेलं पाकीट, सुट्टे नसल्याने सोडलेले दोन रुपये, स्वतःच्या मोबाइलवर घेतलेले पैसे, सगळं त्याच दिवशी रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) यावं. संध्याकाळी रोख मोजून वहीशी ताळा जमवायचा. जमला नाही तर ‘फरक इतका, कारण सापडलं नाही’ असं स्पष्ट लिहायचं. आकडे बसवून जमवलेला ताळा हा या प्रात्यक्षिकातला एकमेव गंभीर गुन्हा समजावा.

भांडवल किती लागतं, कुठून आणायचं आणि तोटा कोणी सोसायचा?

५० जणांचे नऊ गट होतात: पाच गट सहा-सहा जणांचे आणि चार गट पाच-पाच जणांचे. गटाला १००० रुपये धरले तर ९००० रुपये, वर १००० रुपये हाताशी. १० हजारांत एका तुकडीचं काम भागतं. हे फिरतं भांडवल आहे: पहिल्या वर्षी दिलेलं दुसऱ्या वर्षी पुन्हा वापरायचं. सगळं परत येईल असं धरू नये. चौथा हिस्सा बुडेल असं समजूनच तरतूद करावी.

पैसे छात्राध्यापकांकडून गोळा करू नयेत. ज्याची परिस्थिती बेताची आहे तो मग सगळ्यात सुरक्षित वस्तू निवडतो आणि सगळ्यात कमी शिकतो. महाविद्यालय विकास समितीत ठराव करून रक्कम महाविद्यालयाच्या लेखापरीक्षण होणाऱ्या खात्यात ठेवावी, गटाला पावती घेऊन द्यावी. विक्रीचे ऑनलाइन पैसे कुणा प्राध्यापकाच्या खासगी क्यूआर कोडवर घेऊ नयेत, नंतर विचारणा झाली तर खुलासा करताना नाकी नऊ येतात. साधा उपाय म्हणजे पहिल्या फेरीत फक्त रोख.

तोटा निधीने सोसावा, पण नियम आधी सांगून. बाजारात झालेला तोटा निधीचा, हिशेब न दिलेली रक्कम गटाची. नफा झाला तर मूळ भांडवल परत करून उरलेले पैसे गटाने वाटून घ्यावेत. त्यात महाविद्यालयाने वाटा मागू नये.

गुण कसे द्यायचे?

५० गुणांचं एक रूप असं: बाजार पाहणी १०, किंमत काढणं आणि रोजकीर्द १५, पहिल्या फेरीनंतर केलेला बदल आणि त्याचं कारण १०, शाळेतला पाठ १०, तोंडी ५. नफ्याला शून्य.

याला विरोध होतोच. ‘ज्यांनी जास्त कमावलं त्यांना जास्त गुण का नाही?’ कारण नफ्याला गुण दिले की पहिल्याच वर्षी पाकिटं मामा, काका आणि प्राध्यापक विकत घेतात. ७० रुपये तोटा झालेल्या गटाने तो कुठे झाला हे पैशापैशाने दाखवलं तर त्याला १५ पैकी १५ मिळायला हवेत, आणि ५०० रुपये नफा दाखवणाऱ्या पण कोरी वही देणाऱ्या गटाला शून्य.

तोंडी परीक्षेत एकच प्रश्न सगळ्यांना विचारला तरी पुरे: पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, आणि त्याने किमतीत किती रुपयांचा फरक पडेल?

सराव पाठ आणि सूक्ष्म अध्यापनात हे कसं येईल?

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावाचं, चक्र सगळ्यांना पाठ आहे: सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटं. याच चक्रात ‘उत्तर न सांगता किंमत काढून घेणे’ असं एक कौशल्य घ्यावं. मूल म्हणतं, ‘बाई, पिशवी १५ रुपयांना विकू.’ शिक्षिकेने १५ बरोबर की चूक ते सांगायचं नाही, तिने विचारायचं: कापड कितीचं आलं? एका मीटरमध्ये किती पिशव्या झाल्या? उरलेल्या तुकड्याचं काय केलं? शिवायला किती वेळ गेला? सहा मिनिटांत हे चार प्रश्न विचारून थांबता येणं अवघड आहे. बहुतेक छात्राध्यापक दुसऱ्या प्रश्नानंतर स्वतःच गणित सोडवून मोकळे होतात.

सराव पाठ विषयाला जोडून घ्यावेत. गणितात नफा-तोटा आणि शेकडेवारी, भूगोलात आठवडे बाजार आणि वाहतूक, मराठीत जाहिरात-लेखन, विज्ञानात अंकुरण. पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात चार्टऐवजी खरी बिलं आणि खरी रोजकीर्द यावी.

शाळेत मुलांना विकायला लावणं म्हणजे बालमजुरी नाही का?

सीमारेषा पाळली तर नाही, पण प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सर्वसाधारण बंदी आहे. त्यामुळे शाळेतल्या उपक्रमात काही गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. विक्री शाळेच्या आवारात आणि शाळेच्या वेळेत. कुणालाही विक्रीचं लक्ष्य नको. मुलांनी घरोघर फिरणं नको. जमलेल्या पैशाचं काय करायचं ते मुलांनीच ठरवावं आणि ते फलकावर लिहावं. आग, पातं, रसायन यांचं काम मोठ्यांनी करावं. आणि ज्या घरात मूल खरोखरच कामाला जुंपलेलं आहे, तिथे ‘तुला तर विकायचा सराव आहे’ असं कौतुक चुकूनही करू नये.

शिकवणार कोण? प्राध्यापकांनी स्वतः कधी काही विकलेलं नाही.

सुधारणेची सगळ्यात मोठी अडचण हीच, आणि तिच्यावर एकच खात्रीचा उपाय दिसतो: प्राध्यापकांनी छात्राध्यापकांच्या आधी हे चक्र एकदा स्वतः करावं. दोन-तीन जणांनी मिळून, तेच १००० रुपये घेऊन, त्याच वहीत. मे महिन्यात दहा दिवसांत होतं.

बाहेरची माणसं बोलवावीत, पण व्याख्यानाला नव्हे. उमेद या ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या गटाची अध्यक्ष, गावातला शिंपी, रोपवाटिकावाला यांना गटाची किंमत-वही तपासायला बसवावं. अर्धा तास पुरतो. ‘कापड कुठून घेतलंत? अहो, इतकं महाग!’ हे वाक्य कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त काम करतं. या माणसांना मानधन द्यावं. प्राचार्यांच्या ओळखीतल्या मोठ्या उद्योजकाला जसं आपण पाकीट देतो तसंच शिंप्यालाही.

संस्थात्मक मदत हवी असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था या तीन ठिकाणी पत्र द्यावं. पत्रात ‘मार्गदर्शन करावे’ असं मोघम लिहू नये. ‘नऊ गटांच्या किंमत-वह्या तपासण्यासाठी दोन माणसं, दोन तास’ असं नेमकं मागावं.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलल्याशिवाय हे करता येईल का?

बरंचसं येईल. अंतर्गत मूल्यमापनाच्या आणि आंतरवासितेतल्या उपक्रमांच्या मर्यादेत प्राचार्यांना बरीच मोकळीक असते. एक सावधगिरी बाळगावी: आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते, त्यामुळे बाजाराच्या दिवशी छात्राध्यापक शाळेतून गायब राहणार नाहीत अशी आखणी हवी. बाजार पाहणी आणि विक्री आंतरवासितेच्या आधीच्या सत्रात उरकावी.

कायमचा बदल हवा असेल तर बीएडचा मार्ग अभ्यास मंडळ, विद्याशाखा आणि विद्या परिषद असा जातो, आणि डीएलएडचा अभ्यासक्रम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतो. मंडळापुढे जाताना ठरावाबरोबर दोन तुकड्यांच्या रोजकीर्दी आणि पाठ टाचणं न्यावीत. नुसत्या प्रस्तावावर चर्चा होते आणि पुढच्या बैठकीपर्यंत विषय तहकूब होतो.

डीएड (आताचं डीएलएड)-बीएड झालेल्यांना नोकऱ्या नाहीत. मग हे बेरोजगारीवरचं उत्तर समजायचं का?

समजू नये, आणि तसं कुणी सांगितलं तर सावध व्हावं. २०१२ नंतर राज्यात भरती वर्षानुवर्षं रखडली आणि डीएडची अनेक विद्यालयं बंद पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बीएडची पात्रता ग्राह्य नसल्याचं सांगितल्यावर बीएडवाल्यांचा एक दरवाजाही बंद झाला. हा धोरणाचा प्रश्न आहे. रिकाम्या जागा न भरता पात्र उमेदवाराला ‘तू उद्योजक हो’ म्हणणं ही शुद्ध टोलवाटोलवी आहे. एखाद्याला या ३० तासांतून स्वतःचा मार्ग सापडला तर आनंदच, पण अभ्यासक्रमाचा हेतू वर्गातली मुलं हा आहे.

नोकरी लागल्यावर शिक्षकाला व्यवसाय करता येतो का?

शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत आणि परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना जिल्हा परिषद सेवेचे वर्तणूक नियम आहेत. खासगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे, तिच्यातली आचारसंहिता आधी वाचावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. हे छात्राध्यापकांना पहिल्याच तासाला सांगून टाकावं.

दिल्लीसारखी योजना इकडे आणता येईल का?

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेची मानसिकता घडवणारा अभ्यासक्रम आला. पुढे अकरावी-बारावीच्या गटांना विद्यार्थ्यामागे २००० रुपये बीजभांडवलही मिळालं. खरा पैसा मुलांच्या हाती देण्याचं धाडस त्यातून घेण्यासारखं आहे. मात्र तिथली मुलं वयाने मोठी होती आणि शिक्षकांना नोकरीत असताना प्रशिक्षण दिलं गेलं. इथे प्रश्न नोकरीआधीच्या प्रशिक्षणाचा आणि बव्हंशी सहावी-सातवीच्या मुलांचा आहे, त्यामुळे रक्कम, वस्तू आणि विक्रीची जागा सगळंच लहान ठेवावं लागतं.

नोंदी कोणत्या ठेवायच्या?

गटागणिक एक रोजकीर्द, मूळ बिलं, पाहणीचे कागद, दोन्ही फेऱ्यांची किंमत-वही आणि पाठ टाचण. नॅकच्या मूल्यांकनासाठी (महाविद्यालयाच्या दर्जाच्या तपासणीसाठी) फोटो लागतीलच, तेही ठेवा, पण टेबलामागे रांगेत उभं राहून काढलेला फोटो कुणाच्याच उपयोगाचा नसतो. वहीच्या पानाचा काढा.

बदल झाला हे कसं ओळखायचं?

पुढच्या डिसेंबरात आंतरवासितेच्या शाळेत आनंद मेळावा असेल तेव्हा जाऊन मुलांना दोन प्रश्न विचारावेत: गल्ला किती झाला आणि सामानाला किती लागले? दुसऱ्या प्रश्नाला वर्गातल्या निम्म्या मुलांनी जरी वही उघडून उत्तर दिलं, तर छात्राध्यापकाने काम केलंय. मुलं आईकडे बघू लागली तर पुढच्या तुकडीसाठी पाठाचे पाच तास आठ करावेत आणि बाजार पाहणीतले तीन कमी करावेत.